प्रयोजन : पर्यटन

आल्तिनोच्या उतारावर, गटारावर टाकलेल्या फरशीवर
माझं दुकान. एक झेरॉक्स, एक कॉम्प्युटर,
भिंतीला पांढरी चादर, फोटोसाठी.
डिचोलीहून सातची कदंबा धरते
आणि नऊपासून परदेशी माणसांचे अर्ज भरते.
कुणाचा मांद्र्यात योग अर्धा राहिलेला,
कुणाचा मांजरीत जीव अडकलेला.
मी खोलात जात नाही. रकाना मागेल तेवढंच विचारते.

तो आला तेव्हा हातात पोर्तुगालचा पासपोर्ट
आणि तोंडात दिवाडीची कोंकणी.
"बाय, म्हाका आनीक थोडे दीस जाय."
नाव बोस्त्यांव फुर्तादो. जन्मस्थान दिवाडी.
भारतातला पत्ता? दिवाडी.
भारतातल्या ओळखीच्या एका व्यक्तीचं नाव?
तो म्हणाला, फेरीचा दोर टाकणाऱ्यापासून
इगर्जेची घंटा वाजवणाऱ्यापर्यंत सगळे. कुणाचं घालू?
जागा एकाचीच होती.
भावाचं घातलं : रुझार.

येण्याचं प्रयोजन : पर्यटन.
हे व्हिसावरच छापलंय, मी म्हटलं, बदलता येत नाही.
तो काही बोलला नाही, फक्त पंख्याकडे बघितलं.

मुदतवाढ कशासाठी?
रुझारच्या फुप्फुसांत पाणी झालंय.
आजारपण चालतं, पण ते अर्जदाराचं लागतं.
तुम्हाला काही आहे का? साखर? दाब?
तो स्वतःच्या अंगात एखादं दुखणं शोधत राहिला,
कंडक्टर समोर उभा असताना
सुटे शोधावेत तसा.

मग आला कधीपर्यंतचा रकाना.
डॉक्टर म्हणालेत "बघू",
आणि "बघू" तिथं बसत नाही,
आठ आकडे लागतात, मध्ये दोन तिरक्या रेघा.
कमी मागावेत तर भावाला घाई केल्यासारखं.
जास्त मागावेत तर त्याचे हाल वाढवल्यासारखं.
कर्सर लुकलुकत होता.
तीस टाकू या, मी म्हटलं. महिना बरा दिसतो.

चष्मा काढा. कान दिसू देत. हसू नका.
प्रिंट सुकेपर्यंत त्यानं सांगितलं,
तिकडं रात्रपाळीला पालेभाजी पिशव्यांत भरतो,
हात कायम गार.
कायमच्या कार्डाचा अर्ज दोन वर्षं अडकलाय.
एका कागदावर फुर्ताद, दुसऱ्यावर फुर्तादो.
एका काना-मात्रेसाठी, म्हणाला,
आणि बोटानं हवेत ती काढून दाखवली.

तीस दिवस मिळाले.
रुझार अकराव्या दिवशी गेला.

दाखल्याच्या सहा प्रती काढायला आला तेव्हा
काउंटरला टेकून त्यानं विचारलं,
"एकुणीस उरलेत. परत करता येतात?"
मला हसू आलं, आणि लगेच
झेरॉक्सचं झाकण उगाच पुसावंसं वाटलं.
नियमात नाही, मी म्हटलं.

नंतर एकदाच आला, बोर्डिंग पास काढायला.
डोक्यावर टोपी, टोपीवर माडाचं झाड.
दूधसागर पाहिला म्हणाला, चोपन्न वर्षांत पहिल्यांदा.
आग्वादला गेलो. तिथल्या पोरानं इंग्रजीत किल्ला समजावला,
मी ऐकून घेतला, पन्नास रुपये दिले.
रात्री मांडवीतल्या नाचाच्या बोटीवर बसलो.
बाजूनं बेतीची फेरी गेली, कामावरून सुटलेली माणसं,
स्कूटरवर बसल्या बसल्या एका पोरीनं हात हलवला,
बोटीवरच्यांना हलवतात ना, तसा.
मग मीही हलवला.

दहा रुपये, मी म्हटलं.
त्यानं खिशातून एक परकं नाणं पुढं केलं,
माझ्याआधी त्याच्याच लक्षात आलं,
परत घेतलं, पुन्हा चाचपलं.

तो गेल्यावर मी त्याची फाइल काढून टाकायला उघडली.
नाव, पत्ता, ओळखीची व्यक्ती.
प्रयोजन.
तसं चुकलं काहीच नव्हतं.
दारात मांद्र्याची बाई उभी होती, टोपलीत मांजर,
म्हणत होती, आणखी साठ दिवस.