खालची हवा

मंठ्याच्या अलीकडे, गाडी कडेला लावून चहा ओतताना
प्रयागची टाच गाडीच्या तळात गेली.
पडली नाही. एका पायावर उभी राहून म्हणाली,
"अहो, खाली रस्ता दिसतोय."
कपातला चहा सांडला नव्हता,
हे तिनं नंतर चारचौघांत दोनदा सांगितलं.

गाडी आधी परभणीकडं गुरांचा फिरता दवाखाना होती.
लिलावात घेतली तेव्हा फिनेलचा वास होता,
आणि दाराच्या आतून कुणी खिळ्यानं कोरलेलं:
म्हैस ४, गाय ११, शेळ्या लई.
त्यावर आम्ही रंग मारला नाही.
तळावर मात्र लिनोलियम घातलं, फुलाफुलांचं,
कडा सिलिकॉननं बंद केल्या
मुंगी शिरू नये इतक्या.
मीच केल्या. रविवार होता.

जालन्यात गफूर मिस्त्रीनं ते सोललं.
खाली गंज.
त्याला कुंकवाची उपमा द्यायचा मोह झाला, पण तसा नव्हता तो;
करपलेल्या भाकरीचा पापुद्रा, त्याखाली दुसरा, तिसरा,
बोट लावलं की भुगा.
गफूर गाडीखाली उताणा सरकून हातोडीनं ठोकत गेला,
डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतो तसा, ऐकत.
ठण वाजलं की पुढं.
ठप वाजलं की खडूची फुली.
सतरा फुल्या. त्यातल्या नऊ आमच्या अंथरुणाखाली.

मी म्हणालो, गेल्या सालचा पाऊस भोवला.
"पावसाला कामून नावं ठेवता," तो खालून म्हणाला,
"पाऊस आला तसा गेला. हे पानी तुमचं हाय.
रातभर दोघं श्वास सोडता, काचा बंद,
त्याची वाफ गार पत्र्यावर बसती, चटईखाली उतरती.
तिला जायाला जागा कुठं ठेवली?"

प्रयाग स्टुलावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.
तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.
एकवीस वर्षं, भट्ट्यांची काळी भुकटी येते म्हणून
आमच्या क्वार्टरच्या मागच्या खिडक्यांना मी खिळे ठोकलेत.
पडदे अजून पांढरे आहेत.

सडलं तेवढं कापलं. आडव्या पट्ट्या इथल्याच,
वितळलेल्या भंगाराच्या. कुणाची सायकल असेल त्यात,
कुणाचं शटर, कदाचित एखादी गाडीही, तळ गेलेली.
वेल्डिंग, रेड ऑक्साइड, वर डांबरी रंगाचे दोन हात.
मग सिलिंडरच्या कप्प्यात, अगदी तळाशी, रुपयाएवढी दोन भोकं:
गळालाच तर गॅस वर जात नाही,
जड असतो, पाण्यासारखा खाली साचतो.
हे मला ठाऊक होतं.
तिसरं भोक त्यानं पलंगाखाली पाडलं, न विचारता.
ड्रिल ओल्या वासाच्या त्या रंगातून आरपार गेलं
तेव्हा पोटात कळ आली. नवाकोरा तळ!
त्यानं कडांना बोटानं रंग लावला,
विंचू-काट्यासाठी बारीक जाळी मारली.
पैसे प्रयागनं दिले, तिच्या पाकिटातून.

पहिला मुक्काम परतूरच्या पुढं, दुधनेच्या काठी.
मध्यरात्री पायांना गार लागलं.
फडक्याचा बोळा केला, पलंगाखाली हात घालून
चाचपत चाचपत भोकात कोंबला.
गाडी शांत झाली. नको तितकी.

जरा वेळानं प्रयाग उतरली.
बोळा उपसला, आणि तिथंच
खाली आडवी झाली, गाल जाळीशी.
काय गं, मी विचारलं.
"करडई काढलीय कुणीतरी. वास येतोय.
आणि लांब मोटर चालू आहे."
पुष्कळ वेळानं, मी झोपलो असं समजून की काय,
"घरी गेल्यावर खिळे काढायचे."

मी हो म्हणालो नाही.
पक्कड कुठं ठेवली होती
ते आठवत राहिलो.