सौलेमधला स

ट्राम जाऊ दे आधी.
ती गेली तरी अर्धा मिनिट फरशी थरथरते,
तोवर सुईला हात लावायचा नाही.

टेबलावर आरसा, आरशावर दोन टिंबं:
एक मध्यापासून सहासष्ट मिलिमीटरवर,
दुसरं एकशेवीसच्या अंमळ पुढे.
तबकडी कोरणारी सुई सरळ रेषेत आत गेली होती,
माझा दांडा मात्र खिळ्याभोवती फिरतो, कमानीत.
दोघांची दिशा जुळते ती या दोन टिंबांवर.
बाकी सगळी बाजू
थोडं चुकत, थोडं निभावून नेत वाजते.
हे कळलं तेव्हा मी पुष्कळ जणांना माफ केलं होतं.
सगळ्यांना नाही.

चाळीस वर्षं मी केंगाराग्सच्या दवाखान्यात दात केले.
तोंडात घालायचा तो चिमुकला आरसा आता
सुईच्या पोटाखाली धरतो.
सोनं तोलायच्या काट्यावर सुईचा भार तोलतो:
पावणेदोन ग्रॅम.
चार तारा, पांढरी, तांबडी, निळी, हिरवी,
केसाएवढ्या. चिमट्यात धरताना
श्वास कुठे ठेवायचा ते या हातांना अजून ठाऊक आहे.

सगळा खटाटोप एका अक्षरासाठी.
लोकरगिरणीच्या गायकवृंदाची तबकडी,
दुसरी बाजू, शेवटचं गाणं,
जिथे वळणं आकसत आकसत लेबलाला टेकतात.
तिथे एक मुलगी एकटीच दोन ओळी गाते.
सूर्याला आम्ही सौले म्हणतो.
तिचा सौले माझ्याकडे फाटून येतो,
ओल्या लाकडाला करवत लागावी तसा.

मुलगी म्हणजे वेल्टा, माझी बहीण.
वय एकोणीस, आणि पुढच्या दोन दातांत एवढी फट
की तिच्यातून ती चेरीची बी उडवायची,
कुंपणापलीकडे.

स्क्रू सैल. कार्ट्रिज केसभर पुढे.
टिंबावर सुई, आरशात तिची सावली,
दोन्ही मिळून एकच सरळ काडी दिसली पाहिजे.
दिसत नाही.
पुन्हा सैल. किंचित डावीकडे.
पहिलं टिंब जुळलं तर दुसरं रुसलं.
खालून ल्युबोव पेत्रोव्ना हीटरच्या नळीवर चमचा वाजवते:
तोच सूर्य किती वेळा उगवणार, इल्गवार्स?

अकराच्या सुमारास दोन्ही जुळली.
स्क्रू आवळले, आळीपाळीने, पाव पाव फेरा;
ही सवय कवळीच्या साच्यांनी लावलेली.
सुई टेकवली.

फाटणं गेलं.
गिरणीतल्या बायका एकेक करून मागे उभ्या राहिल्या,
कुणीतरी खोकला गिळला, तोही ऐकू आला,
आणि मग सौले.
स्वच्छ.
आणि त्याच्या कडेला बारीक शीळ.

मी पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला.
भार तपासला. सुईचं टोक पुसलं.
दांड्याची उंची कागदाच्या घडीएवढी कमी केली.
शीळ तिथेच.
अडीच तास लागले कळायला
की ती सुईची नव्हतीच.

नऊ वर्षांपूर्वी वेल्टाची कवळी मीच केली.
माझं सर्वांत देखणं काम. फट नसलेलं.
तिने आरशात पाहिलं, म्हणाली, छान आहे,
आणि त्या दिवसापासून तिचा स
रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईचा झाला.
मला वाटायचं, वयाने आवाज बदलतो.

रात्रीचे पावणेदोन.
दौगावावर बर्फ तडकतो आहे.
त्सेसिसला फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला.
दात ग्लासात असणार,
कारण पलीकडून नुसता वारा आला.

झोपमोड केली, माहीत आहे, मी म्हणालो.
शनिवारी ये. तुझे दात दोन दिवस माझ्याकडे ठेवायचे आहेत.
का, ते आल्यावर सांगतो.
आणि येताना चेरीचा मुरांबा आण,
बिया न काढलेला.