गेरूची रेघ

रोप लावायचं आपलं वय गेलं, अच्युत म्हणाला,
एकाहत्तराव्या वर्षी माणसानं
झाड तयारच घ्यावं.
आणि फोन लावला बाबालाल शिकलगारांना.

मुंढव्याला, एका बंद कारखान्याच्या आवारात
नांदरूक उभं होतं, चाळीसेक वर्षांचं,
बुंध्यावर परवानगीचा नंबर, पांढऱ्या ऑइलपेंटनं.
तीन महिने आधीपासून भोवती चर खणून
मुळं थोडी थोडी तोडत आणलेली.
एकदम तोडली तर घाबरतं, बाबालाल म्हणाले,
जसं काही झाडाला
बातमी हप्त्याहप्त्यानं द्यायची असते.

उचलण्याआधी त्यांनी खिशातून गेरू काढला,
खोडाच्या उत्तरेला एक आडवी रेघ ओढली.
बाकी काही बोलले नाहीत.

रात्री अकरानंतर ट्रेलर निघाला.
गोणपाटात आवळलेला मातीचा गड्डा,
हत्ती बसावा तेवढा,
टपावर एक पोरगा, वायरी उचलायला बांबू घेऊन.
चांदणी चौकात चहाला थांबले तेव्हा
बांधलेल्या फांद्यांतून एक कावळा ओरडला.
तोही आलाय हे
कुणाला माहीतच नव्हतं.

बावधनला पहाटे क्रेन.
अच्युत कानटोपी घालून हातवारे करत:
ती बेचक्याची फांदी गॅलरीकडे येऊ द्या,
खाली खुर्ची मावेल अशी.
बाबालालनी बॅटरी मारली गेरूवर.
"साहेब, उत्तर तिकडं हाय."
"अहो, पण शोभा?"
"या अंगाच्या सालीला उन्हाची सवय नाय. फिरवलं तर भाजंल."
क्रेनवाला दोघांकडे बघत राहिला,
झाड अधांतरी,
हळूहळू स्वतःभोवती फिरत.

शेवटी गॅलरीकडे पाठ करूनच बसलं ते.

शेजारच्या सामकबाई म्हणाल्या,
सासरी आलेल्या मुलीसारखंच की, रुळेल.
मी हसले नाही.
माझ्याबरोबर कुणी
ओंजळभरही माती दिली नव्हती.

मग पानं गळली. सगळी.
अच्युत तरी रोज खुर्ची टाकून बसायचा
काटक्यांच्या सावलीत, पेपर धरून,
ती सरकेल तसा सरकत.
इथला मुरूम, पाणी धरत नाही;
मी पाईप सोडून ठेवायची, टाकी संपेपर्यंत.

महिन्यानं बाबालाल आले.
नखानं साल खरवडली, वाकून पाहिलं,
हाक मारली ती मला, अच्युतला नाही.
"बघा ताई."
हिरवं. मुगाच्या टरफलाइतकं.
"जगलं का?"
"मेलं नाय. पुढचं त्याचं त्यानं ठरवायचं."

आता तिसरं वर्ष.
गेरू केव्हाच धुऊन गेला.
बेचक्याची फांदी कुंपणाबाहेर झुकलीय,
गल्लीत, तिच्याखाली
इस्त्रीवाला परदेशी गाडी लावतो.
साडेचार वाजले की अच्युत
खुर्ची उचलतो, फाटक उघडतो,
आणि कोळशाच्या वासात
आपण विकत घेतलेल्या सावलीला
पाहुण्यासारखा जाऊन बसतो.