रिवण, अकरावी चाचणी

जांभा इथेही तांबडाच, म्हणून रिवण निवडलं
असं मी पाहुण्यांना सांगते.
खरं कारण: गुहा फुकट,
आणि आपल्या कुळागरातून
विजेची वायर ओढू देतो कुष्टा वेळीप.

तिकडची हवा इथल्या हवेचा शंभरावा हिस्सा.
पाती लांब हवीत, फिरणं बेफाम,
फक्त टोकांनी आवाजाचा वेग शिवू नये.
वेर्ण्याच्या औषध कारखान्याने भंगारात काढलेल्या पिंपातून
हवा उपसून उपसून
आम्ही शिकलो
नसलेल्यावर रेलून उभं राहायला.

पण पिंपाला वळण नसतं.
वळणासाठी रिवण.

वजनाचा हिशेब ओझ्मिंदाकडे.
दिवा नऊ ग्रॅम. डोळा चौदा.
मी दोन ग्रॅम जास्तीचे मागितले, धूळ झटकायच्या कुंचल्यासाठी.
स्क्रूंची डोकी तासून तिने दीड दिले.

पहिलं वळण: पडद्यावर भिंत, ठिपक्यांची.
दुसरं: ठिपके विरळ.
तिसऱ्याला आवाज गेला, मग चित्र,
मग नुसत्या आम्ही दोघी आणि चहाचा थर्मास.

"रावात, हांव हाडटां."
कुष्टाने तोंडाशी चपला काढल्या.
देवळात काढतात तशा नव्हे,
आत निसरतं म्हणून.

अकरा चाचण्यांत हे सातव्यांदा.
अहवालात त्याच्यासाठी रकाना नव्हता.
आज मी घातला. गृहीतके, क्रमांक चार:
शोधायला आत जाणारं कुणी नसेल.
ओझ्मिंदाने वाचलं, काही बोलली नाही,
परतीसाठी राखायची बॅटरी
तीसवरून पंचेचाळीस टक्क्यांवर नेली.
म्हणजे जाणं तेवढं आखूड.
त्यावर वाद घालायचा होता मला,
पण गुहेतून अजून काहीच येत नव्हतं,
ना तो, ना त्याच्या विजेरीचा उजेड,
आणि पोफळींवर कुणीतरी चढून
आमच्याकडे बघत होतं.

आला तेव्हा यंत्र बगलेत,
कोंबडी धरावी तसं. एक पातं मोडलेलं.
"हें पडिल्लें थंयच्यान फुडें आनीक एक वाट आसा.
मातशें वचून आयलों."

किती पुढे? मी पेन उघडलं.

"दिवो पावता थंय मेरेन."

आकड्याच्या रकान्यात तेच लिहिलं.
एककाची जागा रिकामी आहे.