अधलेमधले आठवडे

कौपो रान्नामेट्स बर्फ मोजायचा.
वोर्म्सी बेटापासून किनाऱ्यापर्यंत
दर दोनशे पावलांवर गिरमिटानं भोक,
भोकात पट्टी, वहीत आकडा.
बावीस सेंटिमीटर भरले की गाड्या सोडायच्या,
पट्टा न लावता, दार किलकिलं ठेवून.
बुडायची वेळ आलीच तर उडी मारता यावी.

हे त्यानं मला तार्तूच्या तळघरात सांगितलं,
जिथं रोग्यांनी यायचं नसतं.
तो आला. म्हणाला, माझी काच दाखवा.

काच म्हणजे पाठीवरच्या त्या तिळाचा
केसाहून पातळ काप, मीच रंगवलेला.
लढणाऱ्या पेशी तपकिरी, बाकी फिकट निळं.
त्यानं एक डोळा मिटला,
बंदूक रोखावी तसा.

"हे तपकिरी माझ्या बाजूचे?"
हो.
"मग काठावर का उभे?"

काय सांगू.
औषधानं त्यांचे लगाम सोडले, हे खरं.
शेजारच्या खाटेवरच्या मेएलीचे तपकिरी
साखरेत मुंग्या शिराव्यात तसे शिरले,
ती आता शाळेच्या मुदपाकखान्यात पुन्हा बटाटे सोलते.
तेच औषध, तोच बुधवार.
तुमच्या गाठीनं मात्र भोवती तंतू विणलेत, दाट,
सुईला वाट नाही असे.
आणि इथं, डावीकडे बघा, भिंत नाही,
चारदोन आत पोचलेत,
पण दारावरची पाटीच कुणी उतरवून ठेवलीय.
नाव वाचल्याशिवाय हात उगारायचा नाही
ही त्यांची शिकवण.
चांगली शिकवण आहे. तिच्यामुळेच तर
एकाहत्तर वर्षं तुमचं घर तुमच्यावर उलटलं नाही.

"डॉक्टरबाई हिला थंड गाठ म्हणाल्या."
म्हणतात तसं.
तो हसला, खोकला, पुन्हा हसला.
"थंड असती तर रस्ता झाला असता."

मग डिसेंबरातले ते आठवडे सांगितले,
बर्फ होडीला फोडवत नाही
आणि माणसाला पेलवत नाही तेव्हाचे.
बेटावर यीस्ट संपतं.
दाई पलीकडे, बाळंतीण अलीकडे.
दोन्ही काठांवर कंदील घेऊन माणसं उभी,
एकमेकांना दिसतात,
हाकही पोचते वारा पडला तर.
"भित्री नसतात हो ती."

अहवालात मी लिहिलं: पेशी परिघावर, आत विरळ.
भित्र्या नाहीत, हे लिहायला रकाना नसतो.

नव्या चाचणीचा कागद आला, नऊ पानी.
हेल्वीनं, त्याच्या बायकोनं, विचारलं,
हे भिंत वितळवेल?
काहींची वितळते, म्हणाले.
पाटीचं काय?
मी काच पुसत राहिले. स्वच्छच होती.

कौपोनं सही केली, तारीख चुकवली,
खोडून पुन्हा घातली.
"जाडी किती भरली ते कळवत जा."

बाहेर उणे अकरा.
त्यानं कोट चढवला,
बटणं मात्र लावली नाहीत.