जमवाजमव

फोटो एकच. एकोणऐंशी सालचा, खडकीच्या हॉलमधला.
नोएल डिकुन्हाची गिटार, माझ्या गळ्यात.
चार वर्षं माझ्याकडेच असायची, पण त्याची.
मेलबर्नला निघाला तेव्हा परत दिली,
पुसून, तारा नव्या घालून.
केसमध्ये माझा रुमाल राहिला.

फोटोत ॲम्पवर एक काडेपेटी आहे.
काडेपेटी किती लांब असते ते मला विचारा,
एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढलीत, भोसरीला.
व्हर्नियर लावला. काडेपेटीवरून बॉडी,
बॉडीवरून नेक, नेकवरून माझा तेव्हाचा पंजा.
पंजा आता जुळत नाही.
बाकी सगळं दोन मिलिमीटरच्या आत.

टिंबर मार्केटात वेलजीभाईंनी तुणीची फळी उपसली,
बोटाच्या पेरानं ठोकली, कान लावला,
म्हणाले, देव्हारा करताय?
मी हो म्हटलं.
देव्हाऱ्याला ते भाव कमी लावतात.

फिंगरबोर्ड निघाला पलंगाच्या शिसवी कडपट्टीतून,
जुन्या बाजारात, बुधवारी, उन्हात.
पट्टीवर कुणाच्या तरी नखानं कोरलेलं होतं काहीतरी,
रंधा मारताना वाचायचं टाळलं.
खुंट्या सहा. पाच एका जातीच्या,
सहावी उलटी फिरते.
आवळायला गेलो की उतरते, उतरवायला गेलो की चढते.
घरात अशी सवय आहे, चालेल.

नाना पेठेत शमशादबी पंख्यांच्या मोटारी भरतात.
बेचाळीस गेजची तार उजेडात धरून म्हणाल्या,
ही तार आहे का केस?
आठ हजार वेढे, एका पिकअपला. असे तीन.
तिसऱ्याला, पाच हजार दोनशेवर, मशीनचा काटा अडकला
तर पुढचे त्यांनी तोंडानं मोजले.
मध्येच मिक्सर घेऊन एक गिऱ्हाईक आलं.
त्यांचे ओठ हलताना बघून त्याला वाटलं, जप चालू आहे.
चप्पल काढून उभा राहिला,
मिक्सर छातीशी धरून,
आठ हजार होईपर्यंत.

रंगावर गाडं अडलं, कारण फोटो कृष्णधवल.
आमचा ड्रमवाला सतीश ओव्हाळ म्हणतो, निळी.
नोएलची बहीण म्हणते, हिरवी, माझ्या फ्रॉकसारखी.
मी चार वर्षं पोटाशी धरली होती
आणि मला आठवतं फक्त, थंडीत ती गार लागायची.
शेवटी मेलबर्नला फोन लावला.
नोएल नीट बोलला, हवापाणी विचारलं,
पुण्यात अजून सायकली आहेत का विचारलं,
मग म्हणाला, गिटार? कसली गिटार?

गणेश पेठेत वाघोले पेंटरकडे
एका लॅम्ब्रेटाचा डबा उरला होता.
ना निळा ना हिरवा.
म्हटलं, मारा हाच.
आता हाच खरा.

स्टिकरवाला म्हणाला, कंपनीचं नाव टाकून देतो, हुबेहूब,
कुणाला कळतंय?
त्याचा चहा प्यायलो आणि निघालो.
डोकं कोरंच ठेवलंय.

संध्याकाळी पिन खोचली.
पहिला आवाज आला तो आकाशवाणीचा.
चोवीस हजार वेढे, आठ महिने, सहा पेठा,
आणि आतून एक बाई बाजारभाव सांगतेय:
कांदा, आवक वाढली, भाव स्थिर.
पोकळीत तांब्याचा पत्रा लावायचा राहिला होता, एवढंच.
तारांना हात लावला की बाई एकदम गप्प.
काढला की बटाटा.
पुन्हा लावला. गप्प.
मी पहिला स्वर छेडणार, एवढ्यात
स्वयंपाकघरातून सुनेत्रा ओरडली,
अहो, हात काढा जरा, लसूण यायचाय.

पत्रा आणलेला आहे.
अजून लावलेला नाही.