जुलैत येऊन बघा

तीन रात्री फुकट, न्याहारीसकट.
चौथ्या दिवशी सही करायची, नाहीतर नाही म्हणायचं.
डुलूथहून निघालो तेव्हा
डिकीत बर्फाचं फावडं तसंच राहिलं.
ॲरिझोनात सामान उतरवणारा पोरगा
म्युझियममधल्या हाडाकडे बघावं
तसा त्याच्याकडे बघत राहिला.
पोरगा म्हणजे साठीचा.
इथे तो पोरगाच.

मार्लिस नावाची बाई आम्हाला गोल्फगाडीतून फिरवते.
ब्रेक मारायच्या आधी हसते, मारल्यावरही हसते.
हा पोहायचा तलाव. हा दुसरा,
खोल नसलेला, गुडघेवाल्यांसाठी.
ही सुतारकामाची खोली, ही करवत,
बोटं सगळ्यांची शाबूत आहेत, मोजून घ्या.
घराला रंग चार चालतात:
वाळू, फिकी वाळू, ओली वाळू
आणि ‘सांजवेळ’. तीही वाळूच.
हिरवळ म्हणजे खडी, हिरवी रंगवलेली.
आर्डिस वाकून एक खडा उचलते,
अंगठ्यानं रंग घासून बघते,
खिशात टाकते.
एकेचाळीस वर्षांच्या संसारात
हिनं दुसऱ्याचं काही उचललेलं मी पाहिलं नव्हतं.

नातवंडं? वर्षाला तीस दिवस.
आणि एकतिसाव्या दिवशी? आर्डिस विचारते.
मार्लिस ब्रेक मारते.

मी तेहतीस वर्षं बर्फ ढकलला, सरकारी गाडीवर.
पहाटे तीनला फोन वाजायचा
आणि मी उठायच्या आत हिचे पाय कॉफीकडे.
शाळेच्या बस, दुधाच्या गाड्या, अडलेल्या बायका,
सगळं माझ्या मागून,
माझ्या पात्याच्या रुंदीएवढ्या वाटेनं.
हात कुणी केला नाही कधी. शिव्या मात्र मिळाल्या:
आमच्याच दाराशी ढीग का टाकलास?
बर्फाचं मला कौतुक नाही.
डाव्या खांद्यात बसलाय तो अजून.
इथल्या उन्हात पहिल्याच दुपारी खांदा सुटला,
हात वर गेला, पार कानाला लागला.
आर्डिसनं ते पाहिलं.
बोलली काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी कपडे धुवायच्या खोलीत
ट्वायला नावाची म्हातारी तिच्या कानाशी लागली:
“फेब्रुवारीत सगळेच येतात, बाई.
जुलैत येऊन बघा. दुपारी दोनला.
दाराची मूठ उघड्या हातानं धरून बघा.
आम्ही तेव्हा कुत्री पहाटे चारला फिरवतो.”
मग चादरीची दोन टोकं हिच्या हातात देऊन,
घडी घालता घालता,
“मी अठरा जुलै काढले.
सात नवऱ्यासोबत, अकरा एकटीनं.
मला विचाराल तर घ्या घर.”

तिसऱ्या पहाटे जाग आली. फोन वाजला नव्हता.
बाहेर खरडल्याचा आवाज,
लोखंड, आणि त्याच्याखाली काहीतरी कडक.
मी अंधारात बूट चाचपू लागलो,
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी.

शेजारचा डेलमार, कपाळाला दिवा बांधून,
दाताळ्यानं खडी विंचरत होता.
या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत
सरळ रेघा.
“चारची सवय जुलैची,” म्हणाला, “मोडू देत नाही.
रेघा वारा मोडतो. रोज.”
तक्रार नव्हती त्यात.
दाताळं माझ्याकडे देऊन तो कॉफी आणायला गेला.
मी कडेनं धरलं, ओढत नेलं,
कोपऱ्यावर वळलो
आणि ढीग पडला तो नेमका त्याच्या दाराशी.
दोन कप घेऊन तो उंबऱ्यात अडकला.
शिवी दिली त्यानं, छान, ठसठशीत.
मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं
आणि त्याचा रागही आला.

न्याहारीला मार्लिस कागद घेऊन आली.
आर्डिसनं चष्मा लावला,
सगळं वाचलं, तळाच्या बारीक अक्षरांसकट.
पंख्यानं पानं उडत होती,
तिनं खिशातला खडा काढून त्यांवर ठेवला.
हिरवा रंग एका बाजूनं गेलेला.
पेन पुढे आलं, तिनं घेतलं नाही.
“जुलैत खोली मिळेल का पाच दिवस?” तिनं विचारलं.
“पैसे देऊन.”